फोटो नसलेल्या प्रोफाइलला मेसेज आला, 'तुझा फोटो आवडला'

कॉलेजात असताना कॅज्युअल डेटिंग अॅप शोधणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. डेट करावं की नाही, कुणाला करावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी बोलतोय ते पैसे उकळण्याच्या एका पद्धतीबद्दल.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. प्रसिद्ध अॅपवर वर्गातलं कुणी दिसेल आणि मग चर्चा होईल, म्हणून फारसं नाव नसलेलं एक अॅप घेतलं. खातं उघडणं फुकट होतं. नाव, वय, ईमेल भरला. फोटो नंतर टाकू म्हटलं. लगेच नोटिफिकेशन यायला लागली. कुणाला मी आवडलो होतो, कुणी प्रोफाइल पाहिली होती. चेहरे धूसर, मेसेजची पहिली ओळ तेवढी वाचता यायची. त्यातली एक अजून शब्दशः आठवते: 'हाय, तुझा फोटो खूप आवडला, आज फ्री आहेस का?' माझ्या फोटोच्या जागी तेव्हा नुसता राखाडी गोल होता.

पुढचं वाचायला कॉइन, म्हणजे त्या अॅपमधली नाणी, खरे पैसे देऊन विकत घ्यावे लागत. वाचायला वेगळे, उत्तर द्यायला वेगळे. समोरून उत्तर कितीही वाजता यायचं आणि दर वेळी प्रश्नानेच संपायचं, म्हणजे पुन्हा कॉइन. भेटायचं विचारलं की 'आधी नीट ओळख तर होऊ दे'. मग प्रीमियमची ट्रायल आली, तिच्यासाठी कार्ड द्यावं लागलं. एके दिवशी रूममेटच्या फोनवर तोच चेहरा दिसला. नाव वेगळं, पहिली ओळ तीच. त्या रात्री आम्ही दोघांनी अटी आणि शर्ती उघडल्या. बऱ्याच खाली एक वाक्य होतं: काही प्रोफाइल मनोरंजनासाठी असून त्या कंपनीमार्फत चालवल्या जातात.

अॅप तिथल्या तिथे काढून टाकलं, तरी पुढच्या महिन्यात पैसे कापले गेलेच. अॅप डिलीट केलं म्हणून सबस्क्रिप्शन बंद होत नाही. स्टोअरमधून घेतलं असेल तर स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन ते रद्द करावं लागतं. कार्डाचा नंबर थेट कंपनीला दिला असेल तर ते त्या यादीत दिसतही नाही. मग कंपनीला लेखी कळवायचं आणि बँकेला पुढची वसुली थांबवायला सांगायचं.

हा धंदा जुना आहे. इंग्लंडची जेडीआय डेटिंग ही कंपनी 18 डेटिंग साइट चालवायची. नव्या सभासदाला येणारे प्रेमळ मेसेज कंपनीनेच बनवलेल्या खोट्या प्रोफाइलवरून, संगणकामार्फत जायचे. उत्तर द्यायचं तर सभासदत्व घ्या, आणि ते आपोआप रिन्यू. अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने 2014 मध्ये तिच्यावर कारवाई केली, तेव्हा कंपनीने 6,16,165 डॉलर परत करायचं मान्य केलं.

म्हणून अॅप निवडताना माझ्या मते सगळ्यात भरवशाची परीक्षा ही: प्रोफाइल एक दिवस रिकामी ठेवा. फोटो नाही, माहिती नाही, तरी मेसेजचा पाऊस पडला तर तिथे एक पैसाही भरू नका. खरी माणसं रिकाम्या प्रोफाइलवर तुटून पडत नाहीत. अटींच्या पानावर 'मनोरंजन' हा शब्द शोधा, रिव्ह्यू एका स्टारचे आधी वाचा. पैसे न भरता निदान जुळलेल्या माणसाशी बोलता येतं का, तेही पाहा.

आणि ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांनी रागाच्या भरात खातं डिलीट करू नका. चॅट, कॉइनच्या पावत्या, अटींमधलं ते वाक्य, सगळ्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट आधी काढा. खातं गेलं की चॅटही जातं, आणि बँक किंवा सायबर पोलीस पहिल्यांदा तेच मागतात.