वायरगार्ड की ओपनव्हीपीएन?

दूरच्या सर्व्हरपर्यंत सुरक्षित वाट (व्हीपीएन) बनवणारी ही दोन सॉफ्टवेअर. अशी वाट हवी असेल, तर माझं मत आधी वायरगार्डला. 2020 मध्ये लिनक्स 5.6 पासून तो थेट कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आला. दोन्हीकडे एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची जोडी, सेटिंगची छोटीशी कॉन्फिग फाइल, की झालं काम. मोबाइल वायफायवरून डेटावर गेला तरी जोडणी टिकते. हे सुख रोज जाणवतं. कोडही मुळात काही हजार ओळींचाच, त्यामुळे तपासायला सोपा.

ओपनव्हीपीएन 2001 पासूनचा. ओळख पटवणारी डिजिटल सर्टिफिकेटं सांभाळण्याचा व्याप मोठा, वेगही सहसा कमी. पण वायरगार्ड फक्त यूडीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीवर चालतो. नेटवर्कवर पहारा देणाऱ्या फायरवॉलने यूडीपी अडवला की त्याचं काही चालत नाही. तिथे ओपनव्हीपीएन टीसीपी या दुसऱ्या पद्धतीच्या 443 पोर्टवरून, म्हणजे सुरक्षित वेबसाइटांच्याच दारातून निघतो. युजरनेम-पासवर्डने लॉगिन हवं असेल, तरीही तोच घ्या.