किनाऱ्यावरची .१७७ पीसीपी: शिमगा ते दिवाळी वापरानंतर

लांब पल्ल्याची नेमबाजी शिकायची म्हटलं की नवखा माणूस ६.५ क्रीडमूर आणि .३०८ अशा मोठ्या काडतुसांच्या रायफलींचे व्हिडिओ बघत बसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्याचा उपयोग शून्य. परवाना आणि काडतुसं नंतर बघू, आधी मागे भरभक्कम डोंगर असलेली आठशे मीटरची मोकळी जागा दाखवा! ५० मीटरची सरळ पट्टी मात्र कलमांच्या बागेत सहज निघते. म्हणून हा अनुभव ४.५ मिमी, म्हणजे .१७७ इंचाच्या देशी पीसीपी (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) एअर रायफलचा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे बोअर (नळीचा आतला व्यास) .१७७ पर्यंत आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. ५.५ मिमीची एअर रायफल परवान्यात येते, सुरुवातीला तिच्या नादी लागू नका.

एवढ्याशा छर्र्याने लांब पल्ला काय शिकणार, हा प्रश्न हमखास येतो. हिशोब बघा. ८.४४ ग्रेन वजनाचा घुमटाकार छर्रा सेकंदाला २५० मीटरने निघतो, म्हणजे सुमारे १७ ज्यूल. ताशी १० किमीचा आडवा वारा त्याला ५० मीटरवर आठ-नऊ सेंटिमीटर ढकलतो. .२२ एलआर या छोट्या काडतुसाची स्टँडर्ड गोळी त्याच वाऱ्यात ५० मीटरवर दोनेक सेंटिमीटरच हलते, आठ सेंटिमीटर सरकायला तिला १०० मीटर लागतात. थोडक्यात, वारा वाचायच्या शिक्षणात .१७७ चे ५० मीटर म्हणजे .२२ चे १०० मीटर. उंचीचंही तसंच. २५ मीटरला झीरो केली (नेम धरला तिथेच छर्रा लागेल असा स्कोप जुळवला) तर ४० मीटरवर छर्रा जवळजवळ ४ आणि ५० वर ९ सेंटिमीटर खाली लागतो, म्हणजे १.८ मिल (एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग). टरेट, म्हणजे स्कोपवरची नेम सरकवायची चकती, फिरवायची सवय इथेच लागते.

आणि वाऱ्याची आपल्याकडे कमी नाही. पहाटे मतलई वारा, मग थोडा वेळ पडलेला, आणि ऊन चढलं की पश्चिमेचे खारे वारे. झीरो करायची ती मधल्या पडलेल्या वेळात. माडाच्या झावळ्या बघून वारा मोजू नका, त्या चाळीस फुटांवरचा वारा सांगतात आणि छर्रा जातो कमरेच्या उंचीवरून. १५ आणि ३० मीटरवर काठीला लोकरीचा धागा बांधा. जवळच्या धाग्याला जास्त मान द्या, कारण सुरुवातीला बसलेला धक्का पुढे सगळ्या अंतरात वाढत जातो.

स्प्रिंगची रायफल स्वस्त पडते, पण पिस्टन पुढे-मागे असा दुहेरी झटका देतो. पकड जराशी बदलली की गट फुटतो (एकाच नेमाने मारलेले छर्रे विखुरतात), आणि चूक हाताची की वाऱ्याची ते नवख्याला कळत नाही. पीसीपीत हा घोळ नाही. फक्त रेग्युलेटर (दर वेळी हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) असलेलीच घ्या. त्याशिवाय दाब उतरेल तसा वेग बदलतो, आणि सेकंदाला १० मीटरचा फरकसुद्धा ५० मीटरवर दोन सेंटिमीटरची उभी चूक देतो.

कोकणात पीसीपीचा खरा शत्रू हवेतला ओलावा. हातपंप २०० बारपर्यंत हवा दाबतो तेव्हा त्यातली वाफ पाणी होऊन बसते, आणि ते पाणी रायफलच्या टाकीत गेलं की आतून गंज, मग व्हॉल्व्हची गळती. पंपाला सिलिका जेलचा फिल्टर हवाच. पन्नासेक दांड्या मारल्या की ब्लीड स्क्रू सोडून पाणी काढा, पाच मिनिटं पंप थंड होऊ द्या, मग पुढे. पावसात जेल फार लवकर निळ्याचं गुलाबी होतं, मंद आचेवर जुन्या तव्यात परतून घ्यावं (तो तवा पुन्हा भाकरीला नको). मालवण-तारकर्लीकडे स्कुबाचे २०० बारचे सिलिंडर असतात. तिथली गाळलेली कोरडी हवा मिळाली तर पंपाला रामराम ठोका, फक्त सिलिंडरची चाचणी मुदतीत आहे का ते बघा. ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच. साधं मशीन ऑइल दाबाखाली पेट घेऊ शकतं.

बाहेरचा गंज पहिल्यांदा दिसतो तो स्कोप माउंटच्या स्क्रूंखाली आणि गाल टेकतो तिथे, खारट घामामुळे. रेक्झिनच्या स्पंजवाल्या कव्हरात रायफल ठेवून पावसाळा काढला तर ब्ल्यूइंगची (पोलादावरच्या निळसर-काळ्या मुलाम्याची) वाट लागते, कारण स्पंज ओल धरून ठेवतो. कव्हर फक्त नेण्या-आणण्यापुरतं. घरी तेलाचा पातळ हात देऊन हवाबंद पेटीत, सोबत जेल. लाकडी स्टॉक दिसतो छान, पण आषाढात फुगतो आणि झीरो सरकवतो. सिंथेटिक घ्या, नाहीतर दर महिन्याला ॲक्शन स्क्रू (रायफल स्टॉकला धरणारे स्क्रू) तपासा.

छर्रे घेताना १० मीटर स्पर्धेचे चपट्या तोंडाचे नकोत, पंचवीस मीटरपुढे ते भरकटतात. घुमटाकार घ्या, ४.५१ आणि ४.५२ मिमी असा एकेक डबा, आणि प्रत्येकाचे पाच-पाच छर्ऱ्यांचे पाच गट मारा. बॅरल स्वतःच निवड सांगते. वारा पडलेला असताना ५० मीटरवर २५-३० मिमीचा गट आला तर रायफल चांगली. ५० मीटर रायफल स्पर्धेत दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी आली तर टाकून द्या. शिसं आहे, नंतर हात साबणाने धुवा.

स्कोप ४ ते १६ पट मोठं दाखवणारा, पॅरालॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो तो दोष) १० मीटरपासून जुळवता येणारा, ०.१ मिलच्या क्लिकचा (५० मीटरवर एक क्लिक म्हणजे ५ मिमी). नायट्रोजन भरलेला नसेल तर श्रावण संपेपर्यंत भिंगात बुरशी दिसते.

जांभ्याच्या गडग्यावर थेट मारू नका, छर्रा उलटतो आणि चिऱ्याचे कपरे उडतात. लाकडी खोक्यात सुती चिंध्या गच्च भरून मागे ३ मिमीचा लोखंडी पत्रा लावा, खोक्यामागे मातीचा बांध, डोळ्यांना गॉगल. किनाऱ्याची वाळू खोक्यात भरू नका, मीठ पत्रा एका पावसाळ्यात खातं.