पद्मिनीची मागची काच: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

होळीच्या आधी माझ्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीला मागची काच बदलून घेतली. आता दिवाळीही उलटली. पार्ल्याच्या आमच्या सोसायटीत गाडी उघड्यावरच असते, त्यामुळे एप्रिल-मेचं ऊन आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस दोन्ही तिने अंगावर घेतलंय. काच उत्तम निघाली, काचेभोवतीचं रबर चांगलं निघालं, फिटिंग एका कोपऱ्यापुरतं कमी पडलं आणि रबरात बसणाऱ्या चंदेरी पट्टीने निराशा केली. पण पावसाळा कोरडा गेला तो मुख्यतः काचेखालच्या पत्र्याच्या कामामुळे. त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून तेच जरा सविस्तर लिहिते.

जुनी काच नारळाच्या झावळीने गेली. हल्ली समोरची काच लॅमिनेटेड असते, दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असल्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. मागची टफन, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेली, असते. तिला वर्मी घाव बसला की क्षणात सगळीचे दाणे होतात. दाणे बोथट असतात, त्यामुळे मोठी इजा सहसा होत नाही, पण ते शिरतात फार आत. पार्सल ट्रेखाली (मागच्या सीटच्या पाठीमागची फळी), सीटबेल्टच्या बोल्टपाशी, डिक्कीच्या कोपऱ्यात. मागची सीट पूर्ण बाहेर काढूनच व्हॅक्यूम मारा. वरवर झाडलं तर पुढचे कित्येक महिने ब्रेक मारला की दाणे घरंगळल्याचा आवाज येत राहतो.

माझ्यापुढे तीन पर्याय होते. एक, अ‍ॅक्रिलिकचा पत्रा वाकवून बसवणे. हे मी ऐकूनच सोडून दिलं. आपल्याकडच्या धुळीत फडकं मारून मारून अ‍ॅक्रिलिकवर बारीक ओरखडे पडतात आणि रात्री मागच्या गाडीचे दिवे त्यात फुटून दिसतात. दोन, साच्यावर नवीन लॅमिनेटेड काच बनवून घेणे. काही ठिकाणी हे काम करतात. मला दाखवलेल्या नमुन्याचा बाक बरा होता, पण दोन थरांमुळे काच मूळ काचेपेक्षा जाड होती आणि रबराच्या खाचेत ती ओढूनताणून बसली असती. शिवाय तिरकं पाहिलं की मागचं दृश्य किंचित लहरत होतं. तीन, भंगारात गेलेल्या गाडीची मूळ टफन काच. मी तीच घेतली.

ती मिळू शकली याचं कारण आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाड्या, आणि त्यांचे सुटे भाग शोधायलाही मी कुर्ल्यातच, सीएसटी रोडला फिरले. काच तिथेच मिळाली. रबर ऑपेरा हाऊसच्या बाजारातून आणलं. सुट्या काचा अजून मिळतात, पण आता नवी भर पडणार नाही. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी एक काच आत्ताच घेऊन कांबळ्यात गुंडाळून उभी ठेवावी, असं मी मनापासून सांगते.

जुनी काच घेताना मागची काच पुढच्यापेक्षा चांगल्या अवस्थेत सापडते. तिच्यावर वायपर घासत नाही, समोरून खडेही उडत नाहीत. टॅक्सीच्या काचेवर देवाच्या नावाचे, नंबरांचे स्टिकर असतात. ते कोणी ब्लेडने खरवडले असतील तर उन्हात धरल्यावर तिरप्या रेघा दिसतात. अशी काच नको. खरी तपासणी मात्र कडेची. टफन काचेचा पृष्ठभाग दाबाखाली असतो आणि आतला भाग ताणाखाली. पृष्ठभागावरची बारीक रेघ चालून जाते, पण कडेचा टवका खोल असेल तर एखाद्या दुपारी गाडी नुसती उभी असताना काच फुटू शकते. मी कापसाचा बोळा चारही कडांवरून फिरवला. पहिल्या काचेवर खालच्या कोपऱ्यात कापसाचे तंतू अडकले, ती परत ठेवायला सांगितली. दुसरीवर बोळा सरसर फिरला. मग पोलराइज्ड गॉगल लावून आकाशाच्या उजेडात पाहिलं तर काचेत ओळीने करडे ठिपके दिसले. काच तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात, त्याच्या या खुणा. टफन आहे याची खात्री तिथेच पटते. आणि एकदा टफन केलेली काच कापता येत नाही, त्यामुळे ‘थोडी मोठी आहे, घासून देतो’ असं कोणी म्हणालं तर सरळ निघून या.

दुकानदार गडद रंगाच्या काचेचा आग्रह करत होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार जायला हवा, बाजूच्या काचांना ५० टक्के. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा गाडी तपासणीला न्यावीच लागते. मी पांढरी, म्हणजे बिनरंगी पारदर्शक काचच घेतली.

आता पत्रा. जुनं रबर काढलं तेव्हा वरची कड जवळपास नवीसारखी होती आणि खालचे दोन्ही कोपरे गंजून पापुद्रे सुटले होते. पाणी रबराखाली शिरतं आणि खालच्या कोपऱ्यांत साचून राहतं. त्यात आपली खारी हवा. आधी कोणीतरी तिथे लांबी भरून वर रंग मारला होता. डेंटरने ती लांबी फोडली तर डाव्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं भोक निघालं. तेवढा भाग कापून नवीन पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घेतला, कड घासून सपाट केली, प्रायमर आणि रंग मारून पूर्ण वाळू दिला. या कामाला काच आणि रबर मिळून झाला त्यापेक्षा जास्त खर्च आला, आणि मी तो पुन्हा आनंदाने करीन. रबर शेवटी त्या पत्र्याच्या कडेलाच धरून बसतं. कड उंचसखल असेल तर जगातलं कुठलंही रबर पाणी अडवणार नाही.

रबर ईपीडीएमचं, म्हणजे ऊन-पाऊस सोसणाऱ्या एका कृत्रिम रबराचं, घेतलं. साधं रबर उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने तडकतं, ईपीडीएम पुष्कळ टिकतं. आमच्या उघड्या पार्किंगमध्ये अख्खा उन्हाळा काढूनही त्याला चीर नाही, बोट दाबलं तर अजून लवचिक लागतं. ते मीटरवर मिळतं, त्यामुळे एक सांधा येतोच. फिटरकाकांनी ते मापापेक्षा किंचित जास्त कापून दाबून बसवलं, कारण रबर पुढे आकसतं. सांधा अजून घट्ट आहे.

बसवण्याची पद्धत बघण्यासारखी होती. काकांनी रबर आधी तासभर उन्हात ठेवलं. ते काचेभोवती चढवलं, पत्र्याकडच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून बाहेर काढली, मग साबणाचं पाणी लावलं. त्यांचा मुलगा बाहेरून तळहाताने काच दाबत होता आणि काका आत बसून दोरी हळूहळू ओढत होते. दोरी सुटत जाईल तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत पलटत जातो. मी विचारलं, “काका, ग्रीस लावलं तर पटकन नाही का सरकणार?” “सरकेल ताई, पण तेलाने रबर फुगतं. वर्षभरात ढिलं पडतं. साबण सुकला की गेला.” पूर्ण वेळ त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही. लोखंडाचं टोक कडेला लागलं की टफन काच गेलीच.

एका गोष्टीवरून मात्र आमचं वाजलं. त्यांना रबराखाली साधं सिलिकॉन भरायचं होतं, ते व्हिनेगरसारखा वास येणारं. वाळताना त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं आणि नव्या पत्र्याला तेच गंज लावतं. मी न सुकणारं, कायम मऊ राहणारं सीलंट आणून दिलं. ते त्यांनी जरा नाखुषीनेच भरलं, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात हात आखडता घेतला असावा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पार्सल ट्रेच्या त्याच टोकाला ओल आली. रबराचा बाहेरचा ओठ प्लास्टिकच्या पट्टीने उचलून तिथे आणखी सीलंट भरल्यावर थांबली. जुलैच्या मुसळधार दिवसांतही डिक्कीतला गालिचा कोरडा होता. ज्यांची डिक्की दर पावसाळ्यात कुबट वास मारते त्यांनी आधी हे कोपरे पाहावेत.

गाडी चालवताना फरक लगेच कळतो. सी लिंकवर पूर्वी मागून वाऱ्याची शिट्टी यायची, ती गेली. आरशातून मागचे दिवे स्वच्छ, एकेरी दिसतात.

राहिली चंदेरी पट्टी. रबराच्या खाचेत ती बसली की रबर काचेवर घट्ट आवळलं जातं, तेव्हा ती निव्वळ शोभेची नाही. माझी जुनी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढताना दुमडली, म्हणून बाजारातली प्लास्टिकची, वर चमकी चढवलेली लावली. सप्टेंबरपर्यंत दोन्ही वरच्या कोपऱ्यांत चमकीचा पापुद्रा सुटला आणि खालचं करडं प्लास्टिक दिसायला लागलं. आवळण्याचं काम ती अजून करते, त्यामुळे तूर्त काढलेली नाही. कोपऱ्यांच्या मूळ वळणाची अ‍ॅल्युमिनियम पट्टी कुर्ल्यात आणि चोर बाजारात शोधते आहे. दुमडलेली सरळ करून देणारा चांगला कारागीर कोणाच्या माहितीत असेल तर जरूर सांगा, जुनी मी जपून ठेवली आहे.