कोकणातलं स्वयंपाकघर: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

मुंबईचं घर आवरून कायमचं गावी येणारे असोत की गावातच नवा संसार मांडणारे, स्वयंपाकघरात काय काय घ्यावं हा प्रश्न दोघांनाही पडतो. दुकानदार सगळंच हवं म्हणतो, घरातली जुनी माणसं काहीच नको म्हणतात. किनाऱ्यावर वस्तू पारखताना खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा वेगळंच काही बघावं लागतं. आठवड्याला घरात नारळ किती फुटतात, पावसात लाईट गेल्यावर ती वस्तू कामाची राहते का, आणि खाऱ्या हवेने ती बिघडली की कुडाळ, मालवण, चिपळूण, दापोली, जी तुमची बाजारपेठ असेल तिथे दुरुस्त होते का. जिच्यासाठी कोल्हापूर नाहीतर ठाणं गाठावं लागतं, ती वस्तू अर्ध्या किमतीत मिळाली तरी महागच पडते.

नारळ खवायचा कशावर

विळीच्या टोकाची खवणी ही माझ्या मते अजूनही पहिली निवड. पांढरं खोबरं संपून करवंटीलगतची तपकिरी साल लागली की हाताला आपोआप कळतं आणि हात थांबतो. सोलकढीला आणि मोदकाच्या सारणाला असंच पांढरंशुभ्र खोबरं लागतं. साल मिसळली की सोलकढीचा गुलाबी रंग मळतो. शिवाय त्याच पात्यावर मासळी होते, भाजी होते, आणि चिरताना दोन्ही हात मोकळे राहतात. बांगडा साफ करायला सुरी काढणारा माणूस मला अजून पटलेला नाही. पातं लोखंडी असेल तर धुतल्याबरोबर पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं, नाहीतर जुलैत एका रात्रीत तांबेरा चढतो. स्टीलच्या पात्याला हे करावं लागत नाही, पण त्याची धार लवकर बोथट होते आणि पुन्हा लावणं जिकिरीचं.

खरी अडचण गुडघ्यांची. खाली बसवत नसेल तर हाताने फिरवायचं खवणीयंत्र घ्या, पण त्याचे दोन प्रकार असतात ते नीट बघून. एकाच्या बुडाला रबरी चकती असते, खटका फिरवला की ती ओट्याला चिकटते. ग्रॅनाइट किंवा पॉलिश केलेला कडाप्पा असेल तर ठीक. गावच्या जुन्या सिमेंटच्या ओट्यावर ती चिकटत नाही आणि अर्ध्या नारळात यंत्र हातात येतं. दुसरा प्रकार टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचा. दिसायला ओबडधोबड, पण हलत नाही. मी तोच घ्यायला सांगेन.

तिसरा मार्ग म्हणजे करवंटीतून तुकडे काढून मिक्सरमध्ये फिरवायचे. भाजलेल्या वाटपाला, म्हणजे वाटणाला, हे खुशाल करा, खोबरं तांबूस भाजल्यावर साल आहे की नाही कोण बघतंय. मोदकांना मात्र नको. त्यात खोबऱ्याचे दाणे होतात, खवलेल्या नारळाचा मऊ कीस मिळत नाही.

वाटप: पाटा, मिक्सर की ग्राइंडर

पाट्यावरच्या वाटपाची चव वेगळी लागते हे खरं, आणि त्याला कारण आहे. दगडाखाली खोबरं चिरडलं जातं, त्याचं तेल सुटतं, पाणी थोडं लागतं आणि काही तापत नाही. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, ते खोबरं चिरत जातं आणि भांडं गरम होतं. पण चार माणसांच्या आमटीचं वाटप पाट्यावर पंधरा-वीस मिनिटं घेतं आणि पाट्याला टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने तो पुन्हा खरखरीत करणारा, आता सहज सापडत नाही. घरात जुना पाटा असेल तर ठेवा, सणावाराला वापरा. नवा विकत आणू नका.

मिक्सर घ्यायचाच आहे, तर वॅटवर जाण्याआधी त्याच्या छोट्या भांड्याकडे बघा. अर्ध्या नारळाचं वाटप मोठ्या भांड्यात टाकलं की ते कडेला चिकटून बसतं, पातं नुसतं हवेत फिरतं, आणि मग आपण पाणी ओतत जातो. चटणीचं भांडं खोलगट, पातं बुडाला लागून असलेलं हवं. ५०० वॅटचा मिक्सर दोन माणसांना पुरतो. रोज ओलं खोबरं असेल तर ७५० घ्या, मोटर कमी दमते. त्यापुढे जायची गरज नाही, कारण मालवणी मसाला कोणी घरात दळत नाही, तो डंकावरून, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीतून, कुटून येतो. कपलर, भांड्याखालचा बुश, रबरी रिंग आणि मोटरचे ब्रश या चार गोष्टी झिजतात. त्या स्थानिक दुकानात मिळतात का हे पैसे देण्याआधी विचारा. नवीन कंपनीचा चकचकीत मिक्सर इथेच हरतो.

वाटण्याआधी धने-मिरची कोरडी फिरवून घेतली आणि मग खोबरं घातलं, तर मिक्सरचं वाटपही गंधासारखं होतं. सोलकढीच्या रसाला तर मिक्सर पाट्यापेक्षा सरस. कोमट पाणी घालून फिरवा आणि फडक्यातून पिळा.

टेबलावरचा दगडी ग्राइंडर ही मूळची कोईम्बतूरची वस्तू. तिथल्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही आहे. आंबोळीचं तांदूळ-उडदाचं पीठ त्यात मिक्सरपेक्षा नि:संशय चांगलं होतं, कारण दगड सावकाश फिरतात, पीठ तापत नाही आणि रात्रीत फुगून येतं. वीज किती खातो, ही भीती मात्र खोटी. दोन लिटरच्या ग्राइंडरची मोटर साधारण १५० वॅटची असते. अर्धा तास चालला तरी एका युनिटचा दहावा भागसुद्धा जळत नाही. आणि घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर तो चालतो, जिथे ७५० वॅटचा मिक्सर लावला की इन्व्हर्टर ओरडायला लागतो. तरीही तो सगळ्यांसाठी नाही. जड आहे, दगड धुवायला कंटाळा येतो, आणि वाटीभर वाटप त्यात होत नाही. आठवड्यात दोनदा आंबोळ्या होत असतील, किंवा घरगुती खानावळ, होमस्टे असेल तर घ्याच. त्याला खवणी आणि कणीक मळायचा जोडही मिळतो. महिन्यातून एकदा आंबोळी खाणाऱ्याने मिक्सरमध्ये थंड पाणी घालून थांबत थांबत पीठ फिरवावं.

गॅस, इंडक्शन, चूल

हिशोब आधी. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. शेगडीतून वाया जाणारी आच धरून, तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला ढोबळमानाने १३० ते १४५ युनिट वीज लागते. आपल्या बिलावरचा युनिटचा दर घ्या, गुणा, आणि सिलिंडरच्या भावाशी ताडून बघा. मात्र महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत. १०० युनिटपर्यंत एक भाव, १०१ पासून ३०० पर्यंत चढा. पंखे, फ्रीज, पंप यांनी पहिला टप्पा आधीच भरला असेल, तर इंडक्शनचं प्रत्येक युनिट वरच्या भावाने पडणार. सरासरी दराने केलेला हिशोब इथे फसवतो.

त्यात भांड्यांचा खर्च. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा टोप, तांब्या-पितळेची भांडी आणि मातीचं मडकं चालत नाही. दुकानात जाताना लोहचुंबक न्या. बुडाला चिकटला तर भांडं चालेल. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सपाट तवा चालतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि लाईट. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. एवढं मोठं संकट रोज येत नाही, पण आंब्याची फांदी तारेवर पडून रात्र काळोखात जाणं हे दर पावसात आहेच. २००० वॅटची शेगडी घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही. म्हणून गॅस मुख्य, जोडीला भरलेला दुसरा सिलिंडर, आणि इंडक्शन चहा-दुधापुरतं, सिलिंडर संपला तर आडोसा म्हणून. एकट्या इंडक्शनवर संसार मांडू नका.

चूल मोडायची घाई करू नये. वाडीत सोडणं (नारळाची सुकी सालं), करवंट्या, झावळ्या फुकटच्या पडलेल्या असतात. आंघोळीचं पाणी, भात उकडणं यासाठी मागीलदारी चूल असलेली बरी. धूर माजघरात येत असेल तर मात्र ती हौस फुप्फुसांना महाग पडते. गोठ्यात गुरं असतील तर गोबरगॅस सिलिंडर आणि इंडक्शनपेक्षा स्वस्त.

तवा आणि टोप

घावने-आंबोळीला बिडाचा तवा. याला तोड नाही आणि यावर मी वाद घालणार नाही. घावन्याचं पातळ पीठ पडल्या पडल्या जाळी धरायला तवा चांगलाच तापलेला लागतो, आणि नॉनस्टिकचा लेप नेमका तेवढा तापवायचा नसतो. २६० अंशांच्या पुढे तो खराब व्हायला लागतो. बिडाला नारळाच्या शेंडीने नाहीतर अर्ध्या कांद्याने तेल फिरवत राहिलं की तवा वर्षागणिक सुधारतो. पडला तर तडकतो, एवढं सांभाळा. नॉनस्टिक घ्यायचाच असेल तर ऑम्लेटपुरता छोटा.

कुकर हवाच, पण सगळ्याला नव्हे. आत वाफेचा दाब वाढला की पाणी सुमारे १२० अंशांवर उकळतं, म्हणून काळे वाटाणे, छोले, मटण यांना तो वरदान. उकडे तांदूळही त्यात लवकर शिजतात. पण पेज कुकरमध्ये लावली तर फेस शिट्टीतून ओट्यावर येतो, आणि कडव्या वालांच्या बिरड्याचा एक शिट्टी जास्त झाली तरी लगदा होतो. ॲल्युमिनियमचा कुकर डाळ-भाताला ठीक. कोकम किंवा चिंच घातलेलं काही त्यात शिजवू नका, आंबट पदार्थ धातू खातो. माशाचं कालवण मातीच्या मडक्यात किंवा जाड बुडाच्या स्टीलच्या टोपात. मडकं फुटायचंच, म्हणून दोन आणून ठेवा.

फ्रीज आणि इतर

सिंगल डोअर घ्यायचा की डबल, हे मासळीवर ठरवा. सिंगल डोअर वीज कमी खातो, मेकॅनिक गावात मिळतो, बर्फ मात्र हाताने वितळवावा लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळासाठी सुरमई साठवणार असाल तर वेगळ्या दाराचा फ्रीझर लागतो. लाईट गेल्यावर दार न उघडता भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास टिकतो. सिंगल डोअरमधला बर्फाचा कप्पा एवढा तग धरत नाही. सुकट, सोडे, खारा बांगडा डब्यात भरून ठेवणाऱ्या घराला हा प्रश्नच पडत नाही.

पाणी शुद्ध करायचं यंत्र घेण्याआधी विहिरीचं पाणी तपासून घ्या. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा गोडं आणि हलकं असतं. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओ लावून निम्मंअधिक पाणी मोरीत सोडण्यात अर्थ नाही. साधा फिल्टर आणि पावसाळ्यात उकळणं पुरतं. खाडीकाठी उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात, तिथे आरओची गरज खरी.

एअरफ्रायरमध्ये रवा लावलेली सुरमई कोरडी पडते, वर चमचाभर तेल सोडावं लागतं ते लागतंच. बटाट्याच्या कापांसाठी कोणी घेत असेल तर घ्यावा. ओव्हन नानकटाईची खरी हौस असलेल्यालाच. भाजी चिरायचा दोरीचा डबा कोशिंबिरीला बरा. शिरवळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवयांचा, लाकडी साचा घरात असेल तर जपून ठेवा, नवा घेताना जाड पितळी सोऱ्या बघा. ॲल्युमिनियमचा दांडा गरम उकडीच्या जोराने वाकतो. मोदकपात्र वेगळं घेऊ नका. इडलीपात्रात वरची चाळण बसते, तीवर हळदीची पानं पसरली की एकवीस मोदक दोन खेपांत होतात, आणि पातोळ्याही त्यातच.