‘ओरिजिनल १९३६’ : जुन्या नाणेग्रंथांच्या खरेदीत पैसे कसे बुडतात

जाहिरातीत फोटो तीनच होते. सोनेरी अक्षरांचा कापडी कणा, १९३६ छापलेलं शीर्षकपान आणि एका प्लेटचा, म्हणजे नाण्यांच्या फोटोंच्या पानाचा, लांबून, तिरका घेतलेला कोपरा. ग्रंथ एच. नेल्सन राईट यांचा, दिल्लीच्या सुलतानांच्या नाण्यांवरचा. वर्णन एवढंच : ‘ओरिजिनल १९३६, अतिदुर्मीळ, पुन्हा मिळणार नाही.’ घेणाऱ्याने निम्मे पैसे आगाऊ भरले आणि उरलेले पार्सल निघण्याआधी. हाती आलं ते पांढऱ्याशुभ्र कागदावर छापलेलं, कण्याला डिंकाने चिकटवलेलं पुस्तक. वरची कापडी बांधणी तेवढी झोकदार. मजकूर वाचता येत होता, पण प्लेटांवर नाण्यांच्या जागी काळे डाग होते आणि कलिम्याची, म्हणजे नाण्यावरच्या इस्लामी श्रद्धावचनाची, एक ओळ लागत नव्हती. तक्रार केल्यावर उत्तर आलं, ‘शीर्षकपानावर १९३६ आहे की नाही ते बघा.’

आहेच. या फसवणुकीची गोम तिथेच आहे. जुन्या ग्रंथाच्या स्कॅनवरून नवी प्रत छापली की शीर्षकपानही जसंच्या तसं उतरतं, सालासकट. स्वामित्वहक्काची मुदत संपलेला ग्रंथ पुन्हा छापण्यात काही गैर नाही. गैर आहे ते नवी प्रत जुनी म्हणून विकण्यात. घेणाऱ्याला ग्रंथाचं नाव पाठ असतं, पण अस्सल प्रत हातात घेतल्यावर कशी दिसते हे बहुधा ठाऊक नसतं, आणि विकणारा नेमका त्यावर जगतो.

अशा प्रतींत प्लेटाच का बिघडतात? अनेक जुने ग्रंथ स्कॅन होताना नुसत्या काळ्या-पांढऱ्यात झाले, मधल्या करड्या छटांशिवाय. अक्षरांना ते चालतं. नाण्याच्या फोटोत मात्र सगळी माहिती करड्या छटांतच असते. उठाव, झीज, ठशाची कड, सगळं जातं आणि डाग उरतो. घडीचे नकाशे आणि तक्ते बऱ्याचदा न उलगडताच स्कॅन झालेले असतात, म्हणून छापील प्रतीत नकाशाची एक घडी दिसते आणि बाकी मुलूख गायब. तिसरी खोट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मागणीनुसार छापणारे ठरावीक आकाराचं पान वापरतात, त्यामुळे मूळ पान त्यात बसवताना लहान-मोठं होतं आणि प्लेटवरचं नाणं मूळ मापाचं राहत नाही.

ही खोट पकडायला व्हर्नियर कॅलिपर पुरतो. ब्रिटिश म्युझियमच्या जुन्या कॅटलॉगांत नाण्याचा व्यास इंचांत, दशांश चिन्ह वापरून दिलेला असतो. समजा मजकुरात १.०५ आहे, म्हणजे २६.७ मिलिमीटर. प्लेट मूळ मापाची असेल तर तिच्यावरचं तेच नाणं तेवढंच भरलं पाहिजे, मिलिमीटरभराचा फरक मोजण्यातला समजा. पान दहा टक्क्यांनी लहान झालं असेल तर ते २४ भरेल. संशयित नाण्याचा ठसा प्लेटवरच्या ठशाशी ताडून पाहणाऱ्याला अशी प्रत निरुपयोगी असते; नव्हे, घातक असते, कारण ती चुकीच्या निष्कर्षावर नेते.

छपाईची परीक्षा दहापट भिंगाने करा. ते प्रत्येक संग्राहकाकडे असतंच, फक्त पुस्तकावर धरायचं कुणाला सुचत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या जुन्या कॅटलॉगांच्या प्लेटा कोलोटाइप पद्धतीने छापलेल्या आहेत; भिंगाखाली त्यांत ठिपक्यांची जाळी दिसत नाही, बारीक वेडीवाकडी रवाळ पोत दिसते. पुनर्मुद्रणात त्याच प्लेटा हाफटोनमध्ये जातात आणि ओळीने मांडलेले ठिपके उघड दिसतात. मात्र जुन्या काळीही काही ग्रंथांच्या प्लेटा मुळातच हाफटोन होत्या, म्हणून नुसत्या ठिपक्यांवरून निकाल देऊ नका, मजकुराचं पानही बघा. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेलं असतं. उजेड बाजूने, अगदी तिरका पाडला की पानाच्या मागच्या बाजूला त्याचा उठाव दिसतो, बोटालाही लागतो. आताच्या ऑफसेट छपाईचं पान सपाट असतं.

मग फर्मे, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीतून झालेले पानांचे गठ्ठे, मोजायचे. जुन्या इंग्रजी छपाईत प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी बी, सी, डी अशी बारीक अक्षरखूण असते. जे, व्ही आणि डब्ल्यू ही अक्षरं परंपरेने गाळलेली असतात. त्यामुळे आय नंतर के आलं तर घाबरायचं कारण नाही. दोन खुणांमधली पानं नेहमीपेक्षा कमी भरली तर मात्र मधली पानं गेलेली आहेत. कण्याजवळ ब्लेडने कापल्याची अरुंद पट्टी शोधा. शीर्षकपानाच्या मागे अशी पट्टी दिसली तर दाट शक्यता ही की पुनर्मुद्रणाचा तपशील असलेलं पान मुद्दाम उडवलं आहे. नेल्सन राईट यांचा ग्रंथ १९७४ मध्ये नवी दिल्लीहून पुन्हा निघाला होता. ते पुनर्मुद्रण अभ्यासाला वाईट नाही, पण त्याची किंमत पुनर्मुद्रणाचीच असायला हवी.

आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय ग्रंथक्रमांकाचा, पुरावा सगळ्यात सोपा. हा क्रमांक जगभर रुळला तो १९७० च्या सुमारास, आणि तेरा आकडी झाला १ जानेवारी २००७ पासून. १९३६ च्या म्हणवणाऱ्या प्रतीवर कुठेही आयएसबीएन असेल तर बोलणं तिथेच संपतं. १९७५ च्या प्रतीवर ९७८ ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असेल तर ती छपाई नंतरची.

खंडांच्या घोळात तर खोटी प्रतही लागत नाही, अस्सल पुस्तक देऊनच फसवता येतं. प्रिडमोर यांचं राष्ट्रकुलातल्या नाण्यांवरचं काम चार भागांत आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई, मद्रास, बंगाल इलाख्यांची नाणी हवी असतील तर चौथ्या भागाचा पहिला खंड लागतो, १९७५ चा. १८३५ नंतरची, सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखी नाणी दुसऱ्या खंडात, १९८० च्या. पण ‘प्रिडमोर, आशिया’ म्हणून विकला जातो तो १९६२ चा दुसरा भाग. त्यात सिलोन, मलाया, हाँगकाँग आहे, भारत नाही. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या कॅटलॉगचंही तसंच. १९०६ ते १९०८ मध्ये तीन खंड निघाले आणि चौथा, संस्थानांच्या नाण्यांचा, थेट १९२८ मध्ये. ‘तीन खंडांचा संपूर्ण संच’ असं कुणी म्हणालं की चौथ्याचं विचारा. मराठा आणि राजपूत संस्थानांच्या संग्राहकाला नेमका तोच हवा असतो. मिचिनर यांचा इंडो-ग्रीक नाण्यांवरचा ग्रंथ नऊ खंडांचा आहे, आणि जाहिरातीतल्या फोटोत एकच कणा दिसतो तो उगाच नव्हे.

म्हणून व्यवहाराचं बोलणं सुरू करण्याआधी वर्ल्डकॅटसारख्या सूचीत किंवा एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या नोंदीत त्या ग्रंथाचं वर्णन काढा : रोमन आकड्यांची पानं किती, मजकुराची किती, प्लेटा किती, नकाशा आहे का, उंची किती सेंटिमीटर. हाच कागद समोर ठेवून विक्रेत्याला प्रश्न विचारायचे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसारख्या ठिकाणी अस्सल प्रत एकदा हाताळायला मिळाली तर उत्तमच.

फोटो मागताना ‘अजून फोटो पाठवा’ असं मोघम म्हणू नका. बरेचसे जुने कॅटलॉग इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत, त्यातलं पान उचलून पाठवायला मिनिट लागत नाही. (हेच स्कॅन पेनड्राइव्हमध्ये भरून ‘दुर्मीळ ग्रंथसंग्रह’ म्हणून विकणारेही आहेत, त्यांना एक रुपया देऊ नका.) अमुक क्रमांकाची प्लेट, तिच्यावर आडवी ठेवलेली मोजपट्टी आणि शेजारी तारीख लिहिलेली चिठ्ठी, असा फोटो मागा. त्यासोबत शीर्षकपानाची मागची बाजू, प्लेटांच्या यादीचं पान आणि सगळ्या प्लेटा एकेक उलटतानाचा अखंड व्हिडिओ. पुस्तक खरंच हातात असलेल्याला हे दहा मिनिटांचं काम आहे. ‘पुस्तक गोडाऊनमध्ये आहे’, ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ अशी उत्तरं आली तर सौदा सोडा. जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर टाकून ते मुळात कुठले आहेत हे शोधून पाहिलं की ते एखाद्या परदेशी लिलावातून उचललेले आहेत हेही अनेकदा उघड होतं.

ग्रंथालयाच्या शिक्क्यांकडे कानाडोळा करू नका. आपल्याकडची ग्रंथालयं शीर्षकपानाशिवाय एका ठरावीक ‘गुप्त पाना’वरही शिक्का आणि दाखल क्रमांक टाकतात. चोर शीर्षकपान खरवडतो किंवा त्यावर कागद चिकटवतो, पण गुप्त पान त्याला ठाऊक नसतं. शिक्का आहे आणि संग्रहातून काढून टाकल्याची खूण कुठेच नाही, अशी प्रत स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हाच आहे. पुन्हा बांधलेली प्रत मात्र केवळ त्या कारणाने संशयास्पद ठरत नाही. बांधणाऱ्याने कडा कापताना प्लेटांवरचे क्रमांक छाटले नाहीत ना, एवढं बघा.

पार्सलच्या बाबतीत ट्रॅकिंग क्रमांकापेक्षा वजन जास्त बोलतं. स्पीड पोस्टच्या पावतीवर वजन छापलेलं असतं. शेकडो पानं, जाड कागदाच्या प्लेटा आणि कापडी पुठ्ठा मिळून ग्रंथ सहज किलोच्या पुढे जातो. पावतीवर दोनशे ग्रॅम दिसले तर आत रद्दी आहे किंवा ते पार्सलच दुसरं आहे. ट्रॅकिंगमध्ये ‘पोहोचलं’ दिसावं म्हणून तुमच्याच पिनकोडवर कुणाला तरी रिकामं पाकीट पाठवण्याची युक्तीही चालते. पाकीट फोडताना पत्ता आणि सील दिसेल असा न थांबवलेला व्हिडिओ घ्या, आणि त्याच व्हिडिओत प्लेटा मोजा.

फसगत झालीच तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनवर, दुसरा बँकेत. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आले तरच परत येण्याची आशा, म्हणून विक्रेत्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नका. जाहिरात, संभाषण, व्यवहार क्रमांक आणि पावती यांचे स्क्रीनशॉट लगेच घ्या. जाहिरात रातोरात नाहीशी होते. विक्रेता व्यापारी असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार करता येते. ‘मी खोटं काही लिहिलंच नव्हतं’ हा बचाव ऐकून गप्प बसायचं कारण नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती लपवणं हीसुद्धा फसवणूकच धरली आहे.

तक्रारीची कुणकुण लागली की कधी कधी विक्रेताच नरम होतो आणि ‘रिफंड पाठवतोय’ म्हणून क्यूआर कोड धाडतो. तो कोड स्कॅन करू नका आणि यूपीआय पिन टाकू नका. पिन पैसे देण्यासाठी असतो, पैसे यायला तो लागत नाही. परतावा द्यायचाच असेल तर ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात तो थेट जमा करता येतो. आणि ती बनावट प्रत, ज्या पाकिटातून आली त्यासह, तक्रार निकाली निघेपर्यंत परत पाठवू नका, कारण ‘आधी पुस्तक परत करा, मग पैसे’ या बोलीवर पुराव्याची वस्तूच तुमच्या हातून जाते.