थर्मोस्टॅट घरी बदलल्यानंतर: पावसाळ्याच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव

आमची पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक जुनी घेतलेली आहे. आधीच्या मालकाच्या काळात कुठल्याशा गॅरेजमध्ये तिचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचे तापमान राखणारी झडप, बदलण्याऐवजी काढूनच टाकला होता. 'आपल्याकडच्या हवेत त्याची गरज नाही, काढला की इंजिन थंड राहते' हा सल्ला महाराष्ट्रात अजूनही सर्रास दिला जातो. नवा थर्मोस्टॅट मी घरीच बसवला. आता त्यावर एक हिवाळा आणि एक उन्हाळा उलटला असल्याने, हा सल्ला निदान इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा असलेल्या गाड्यांसाठी चुकीचा आहे, असे मी खात्रीने लिहू शकतो.

थर्मोस्टॅटमध्ये मेणाने भरलेली पितळी कुपी असते. ठराविक तापमानाला मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, रेडिएटरकडे जाऊ लागते. तोपर्यंत ते इंजिनमध्येच फिरत राहते. झडप नसेल तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून जाते, इंजिन तापायला फार वेळ लागतो, ते थंडच आहे असे समजून इंजिनाचा संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि तेलात साचलेला ओलावा उडून जात नाही. आमच्या गाडीत तापमानाचा काटा नाही, फक्त निळा आणि लाल दिवा आहे. त्यामुळे ओबीडी सॉकेटला (गाडीतली माहिती वाचण्यासाठीच्या जोडणीला) स्वस्तातला स्कॅनर लावून पाहिले, तर हिवाळी पहाटे पुणे-सातारा रस्त्यावर पूर्वी कूलंटच्या तापमानाचा आकडा सत्तरीच्या आतच रेंगाळत असे. आता तो ८५ ते ९० अंशांच्या दरम्यान टिकतो.

प्रत्यक्ष काम अवघड नाही, मात्र घाईचे नाही. आमच्या इंजिनात थर्मोस्टॅट रेडिएटरच्या वरच्या होजच्या (रबरी नळीच्या) टोकाशी, दोन बोल्टच्या हाउसिंगखाली (धातूच्या झाकणाखाली) बसतो. काही इंजिनांत तो खालच्या होजकडे असतो, म्हणून आधी जागा पाहून घ्यावी. इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय रेडिएटरची टोपी उघडू नये, कारण दाबाखाली शंभर अंशांपलीकडे गेलेले कूलंट टोपी सैल होताच उसळून अंगावर येते. काढलेले कूलंट पसरट भांड्यात घेऊन लगेच झाकावे. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुत्री-मांजरे असतातच.

नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी पाण्यात तापवून पाहावा. आमच्या थर्मोस्टॅटवर ८२ अंशांचा शिक्का होता आणि झडप त्याच्या आसपासच हलू लागली. (त्यासाठी घेतलेले पातेले स्वयंपाकघरात परत नेऊ नये, हे घरच्यांनी सांगण्याची वाट पाहू नये.) स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि कडेची छोटी हलती पिन वर हवी, म्हणजे अडकलेली हवा तिथून निसटते. जुन्या गॅस्केटचे (सांध्यातून गळती रोखणाऱ्या चकतीचे) अवशेष प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावेत, कारण ॲल्युमिनियमवर पोलादी पात्याचा ओरखडा पडला की तिथूनच गळती सुरू होते.

खरा वेळ कूलंटच्या मार्गात अडकलेली हवा काढण्यात जातो. गाडीचे तोंड चढाकडे ठेवून, टोपी उघडी ठेवून आणि हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन सुरू ठेवले; पातळी खाली जाईल तसतसे कूलंट भरत गेलो आणि रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबलो. हीटरमधून एकसारखी गरम हवा येऊ लागली की काम झाले असे समजावे. कूलंटमध्ये मिसळण्यासाठी बोअरचे पाणी मुळीच वापरू नये, त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. डिस्टिल्ड पाणी किंवा तयार मिश्रणच घ्यावे.

उन्हाळ्यात गाडी तापेल ही भीती लोकांना असते, मलाही तसे विचारले गेले. एप्रिल-मेमध्ये एसी लावून खंबाटकी आणि पसरणी हे दोन्ही घाट चढलो. तापमान नव्वदीच्या वर गेले, पंखा लागला, ते खाली आले. पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅट कूलंट अडवत नाही. मायलेज शहरातल्या छोट्या फेऱ्यांत लिटरमागे साधारण एक किलोमीटरने वाढले, पण त्याच सुमारास स्पार्क प्लगही बदलले असल्याने सगळे श्रेय थर्मोस्टॅटला देता येणार नाही. तेलाच्या झाकणाखाली हिवाळ्यात साचणारा पिवळसर फेस मात्र या वर्षी दिसला नाही.

एक तक्रार उरली आहे. हाउसिंगच्या खालच्या कडेला सुकलेल्या कूलंटची पांढरट रेघ दिसते, कारण तिथला धातू आधीच गंजून खड्डेदार झाला आहे. रिझर्व टाकीची पातळी अजून उतरलेली नाही, पण पुढच्या वेळी कूलंट बदलताना हाउसिंगही नवे घालणार आहे.