हलाल बघायला ॲप बरं की लेबल?

बिस्किट, ब्रेड, आईस्क्रीमच्या मागे छापलेले घटकांचे नंबर (४७१, ६३१ वगैरे) चालतात की नाही हे बघायचे आपल्याकडे तीन रस्ते आहेत, पाकिटावरचा हलाल लोगो, बारकोड स्कॅन करणारं ॲप, नाहीतर स्वतः लेबल वाचणं. तिन्ही वापरून झालेत म्हणून लिहितोय, मुफ्ती वगैरे नाही मी.

लोगो असेल तर प्रश्नच मिटला. पण आपल्या किराणा दुकानात तो फ्रोझन चिकन सोडलं तर फारसा दिसत नाही. त्यात यूपी सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल सर्टिफिकेटच्या मालावर बंदी घातली, एक्स्पोर्ट तेवढं वगळलं, तो वाद वेगळाच. ब्रेडवर लोगो शोधत बसाल तर ब्रेड शिळा होईल.

मग ॲप. सुरुवातीला मला फार आवडलं होतं खरं सांगायचं तर, मोबाईल धरला की हिरवं, पिवळं, लाल, संपला विषय. वैताग आला तो ४७१ मुळे. ४७१ म्हणजे मोनो-डायग्लिसराइड्स, ब्रेड मऊ राहायला, आईस्क्रीम गुळगुळीत व्हायला घालतात. हे चरबीपासून बनतं, मग ती पाम तेलातली असो की जनावराची, नंबर दोन्हीला एकच, म्हणून ॲप पिवळं दाखवून मोकळं होतं, "मशबूह", म्हणजे संशयास्पद. आता ॲपचं चूक नाही म्हणा, नंबरवरून त्याला तेवढंच कळणार. पण अहो, त्याच पाकिटावर पुढे हिरवा ठिपका आहे की! त्या ठिपक्याचा अर्थच हा की आत जनावराची चरबी नाही. ॲपच्या हिशोबात ठिपका नाहीच, मग ब्रेड पिवळा, टोस्ट पिवळे, कोन पिवळा, आणि घरून फोन, "पिवळं दाखवतंय, ठेवू का परत?" सगळंच मशबूह तर विचारायचं कशाला?

६३१ चं पण तसंच. चिप्स-नूडल्समधल्या ह्या नंबरवर "डुकराची चरबी" म्हणून व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फॉरवर्ड फिरतंय. ती चरबी नाहीच, चव वाढवायची पावडर आहे, मांस-मासळीतूनही निघते आणि फर्मेंटेशननेही बनते. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ह्याच नंबरचं उदाहरण घेऊन सांगितलं की प्राण्यापासूनचा अंश कितीही थोडा असला तरी तो पदार्थ नॉन-व्हेजच धरायचा. म्हणजे ठिपक्याला थोडंफार वजन आहे.

दुसरं, मजहबचं, म्हणजे शरीयतच्या बाबतीत कुठल्या इमामांची परंपरा मानता त्याचं. आम्ही कोकणातले मुसलमान शाफई मजहबचे, कोळंबी बिनधास्त खाणारे, आणि आमचं ॲप कोळंबीलाही पिवळं करायचं. उलट चीजमधल्या रेनेटला (दूध घट्ट करायला वापरतात ते, वासराच्या पोटातून काढलेलं) सरळ हिरवं, हनफी मजहबच्या इमाम अबू हनीफांच्या मताने ते चालतं, आमच्याकडे जनावर कसं कापलं ते बघतात.

ठिपक्याने सगळं भागतं असंही नाही हां. अल्कोहोलचं तो काहीच सांगत नाही, व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट अल्कोहोलमध्ये काढलेला असला तरी ठिपका हिरवाच. आणि तपकिरी खूण दिसली म्हणून लगेच हराम नाही, केकमध्ये बऱ्याचदा नुसतं अंडं असतं. अशा वेळी मागची यादी वाचायची, जिलेटिन (जनावराच्या हाडा-कातड्यापासूनचं), १२० (किड्यापासूनचा लाल रंग), ५४२ (हाडांचं फॉस्फेट) एवढं लक्षात ठेवलं तरी माझं तरी बरंच भागतं.

ॲप मात्र मी काढून टाकलेलं नाही. लंडनहून कुणी जेलीच्या गोळ्या आणल्या की त्यावर ठिपका नसतो, तिथे ॲपच कामाला येतं. तुम्ही तिकडेच राहत असाल तर माझं ऐकू नका, ॲपच घ्या, फक्त मजहब निवडता येतो का ते आधी बघा. इथे राहून महिन्याचा किराणा भरायचा असेल तर मी तरी आधी ठिपका आणि मग यादी बघतो, आणि फ्लेवरपुढे नुसतं "व्हॅनिला" लिहिलेलं असेल तर कंपनीला एक मेल टाकतो.